कोटातला पुतळा

अण्णा,

गावच्या चौकात तुमचा पुतळा बसून दोन वर्षं झाली. त्याच्या अंगात कोट आहे, तो माझ्यामुळे. एवढंच सांगायला, तुम्ही गेल्यावर चाळीस वर्षांनी लिहायला बसलोय. चुलतभावाने पुतळ्यासाठी फोटो मागितला तेव्हा माझ्याकडे इथे कॅनडात, ओटावाला, तुमचे दोनच फोटो होते. एकात तुम्ही देवळाच्या पायरीवर उघड्या अंगाने उभे आहात, खांद्यावर उपरणं, शेंडीला गाठ. दुसरा माझ्या लग्नातला. माझ्या हट्टापायी घातलेल्या कोटात तुम्ही कुणाच्या तरी जामिनाला उभे राहिल्यासारखे दिसता. मी दुसरा पाठवला. देशासाठी लढलेला माणूस कसा रुबाबदार दिसायला हवा, अशी स्वतःची समजूत घातली. पुतळा बसल्यावर चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, काम झकास झालंय, पण म्हाताऱ्या बायका विचारतात, हे कोण पुढारी?" मी ते हसण्यावारी नेलं.

त्या बायकांनी तुम्हाला पाहिलं होतं ते कसं? पूजा अर्धी टाकून तुम्ही घंटा बडवलीत, सगळा गाव गोळा केलात आणि तशाच ओल्या सोवळ्यात इंग्रजांच्या कचेरीवर मोर्चा नेलात. तिथूनच तुम्हाला तुरुंगात नेलं. मी ही गोष्ट चारचौघांत सांगायचो, पण भिक्षुकी तेवढी गाळून. आणि पुण्यातला तो दिवस. माझ्या साहेबांकडे वास्तुशांत होती, त्यांनी गुरुजी सुचवायला सांगितलं. तुम्ही तेव्हा माझ्याकडेच राहायला आला होतात, तरी मी बाहेरून भलतेच गुरुजी गाठून दिले. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटतेय, तुम्ही पाटावर बसला आहात. सगळं तुमच्या कानावर आलेलं आहे. आमटीत पोळी बुडवत तुम्ही एवढंच विचारता, "मंत्र नीट म्हणाले ना रे ते?" ओरडला असतात तर बरं झालं असतं. 

गेल्या रविवारी शेजारच्या बाई मला त्यांच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाला घेऊन गेल्या. त्या मेक्सिकोच्या. हिवाळ्यात मी त्यांच्या दारापुढचा बर्फ फावड्याने उपसून देतो, म्हणून त्यांचा माझ्यावर लोभ. इथल्या एका बागेत त्यांच्या एका पाद्र्याचा पुतळा आहे. त्यानेही चर्चची घंटा वाजवून माणसं गोळा केली आणि लढा उभारला. पुतळ्याच्या अंगात पायघोळ झगा, डोक्याला टक्कल, रुबाब असा काही नाहीच. लोक फुलं ठेवत होते, पोरं पायथ्याशी बसून खात होती. मी शहाणपणा करून विचारलंच, की एवढा मोठा पुढारी, मग झगा कशाला ठेवला? बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही वॉज अ प्रीस्ट. हाउ एल्स वुड वी नो हिम?" अण्णा, भर उन्हात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला ओळखणारे शेकडो जण तिथे उभे होते, आणि तुम्हाला तुमच्याच चौकात कोणी ओळखत नाही.

घरी येताना गाडीत बाईंनी सहज विचारलं, "अँड युअर फादर? व्हॉट डिड ही डू?" सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, तो साहेबही आता हयात नाही, कुणाला घाबरायचं कारण उरलेलं नाही. तरी मी म्हणालो, "टीचर."

देवळातला फोटो मी त्याच दिवशी चुलतभावाला पाठवला. पुतळा बदलतील की नाही, ते गाव ठरवेल. बाईंना खरं सांगायचं मात्र राहून गेलंय. त्यांचं दार माझ्या दारापासून वीस पावलांवर आहे. आज बुधवार, आणि मी अजून गेलेलो नाही.