रेशीम म्हणजे प्रोटीन

२ फेब्रुवारी, रविवार
मेहुणीचा, गायत्रीचा साखरपुडा झाला. बायको, नूतन, तिच्या आईचा रेशमी शालू नेसली होती. सासूबाई गेल्यावर दोघी बहिणींकडे त्यांची एवढीच वस्तू उरलीय. लग्नात तो गायत्री नेसणार. त्यावर वरण सांडलं, हळदीचा मोठा डाग. वाढत मी होतो, पण ते इथे महत्त्वाचं नाही. नूतन म्हणाली, ड्रायक्लीनला देऊ. मी म्हणालो, घरात बी.एस्सी. केमिस्ट्री नवरा असताना? शालू ताब्यात घेतला.

४ फेब्रुवारी
थिअरी पक्की केली. रेशीम म्हणजे प्रोटीन. ग्लायसीन, अॅलानीन, सेरीन ही अमिनो आम्लं, पेप्टाइड बंधाने एकमेकांचा हात धरून उभी. नूतन पोळ्या लाटत होती, तिला समजावलं. ती म्हणाली, "ते ठीक. डाग निघेल ना?"
हिला सायन्सची आवड नाही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी
धुण्याचा सोडा लावला. डाग लाल झाला. अल्कलीत हळद लाल होते, हे मला माहीत होतं. नंतर आठवलं. लाल म्हणजे रिअॅक्शन चालू आहे. उद्या स्ट्राँग डोस.

६ फेब्रुवारी
नूतन बांगड्या घ्यायला बाजारात. पलसाण्याला मी कामाला आहे त्या डाइंग युनिटमधून थोडा कॉस्टिक सोडा आणला होता. पॉलिएस्टरला आम्ही तो गरम करून देतो, कापड मऊ पडतं. शालूला दिला. मऊ पडला. फारच मऊ पडला. काठीने उचलायला गेलो तर नुसती काठी वर आली.

६ फेब्रुवारी, थोड्या वेळाने
शांत डोक्याने विचार केला. हायड्रोलिसिस. पेप्टाइड बंध तुटले. पण अमिनो आम्लं सगळी बादलीतच आहेत. म्हणजे शालू गेलेला नाही, सुटा झालाय. परत जोडता येईल. रेशमाचा किडा जोडतोच की, आणि तो कॉलेजातही गेलेला नाही.
बादली मोरीत ओतली. जरीच्या काठाचे तुकडे जाळीत अडकले. ते हाताने काढले.

८ फेब्रुवारी
मार्केटमधून हुबेहूब शालू आणला. पॉलिएस्टरचा. तात्पुरता. नूतनला आजच सगळं सांगणार होतो. तिने घडी उघडली, डाग शोधला, सापडला नाही. म्हणाली, "माझ्या आईचा शालू वाचवलात हो तुम्ही." आणि रडायला लागली. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसत नाही.
जेवण गेलं नाही. अॅसिडिटी असावी.

१० फेब्रुवारी
शेजारच्या पुष्पाबाई डाग पडलेली पैठणी घेऊन दारात. नूतनने गल्लीभर सांगितलंय वाटतं. मला ताप आहे असं कळवलं.

१५ फेब्रुवारी
सासरे शालू न्यायला आले. पिशवीत टाकण्याआधी त्यांनी तो उघडला आणि तोंडाशी धरला. बराच वेळ. मग म्हणाले, "साफ झाया, पन तिना वास बी निंघी गया." वर माझ्या पाठीवर हात फिरवला. जावयाने चांगलं काम केलं म्हणे.
मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत धुतलं.
उद्या सांगणार. आधी बॅकग्राउंड दिलं की माणसं समजून घेतात.

१६ फेब्रुवारी
सांगितलं. अमिनो आम्लांपासून सुरुवात केली. पेप्टाइड बंधापर्यंत आलो तेव्हा नूतन म्हणाली, "आईचा शालू कुठंय?" मी म्हणालो, हायड्रोलिसिस म्हणजे काय ते आधी... "कुठंय?" मोरीतून गेला, म्हणालो.
ओरडली असती तर बरं झालं असतं. गॅस बंद केला, पिशवी भरली आणि वडिलांकडे गेली. त्यांचं घर लिंबायतमध्येच, पलीकडच्या गल्लीत. मी पाठोपाठ कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथूनच परत फिरलो.

२३ फेब्रुवारी
उद्या लग्न. गायत्री साधी नवी साडी नेसणार आहे. पुष्पाबाई निरोप घेऊन आल्या: मी यायचं, मांडवात बसायचं, कपड्यांच्या खोलीकडे फिरकायचं नाही. सोबत नूतनने माझा पांढरा शर्ट पाठवलाय, इस्त्री करून.
तसाच घालायचा, असं तिने सांगितलंय. पाणीसुद्धा लावायचं नाही.