गाडी लागणारी बाई

बाबा, गेल्या रविवारी मी आईला गाडीने इटियाडोह धरणावर नेऊन आणलं. सकाळी सहाला नागपूर सोडलं आणि दिवेलागणीला परत घरी. गाडी माझी, चालवणारी मी, आणि आई पुढच्या सीटवर. मुद्दाम पुढच्या. हे तुम्हाला कळावं आणि चांगलं झोंबावं, एवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

तुम्ही जन्मभर हाच धंदा केलात. मालकाची सात सीटांची गाडी, नागपूरची गिऱ्हाइकं, एका दिवसात जाऊन येणं. उपराजधानीतल्या लोकांना रविवारी जरा जंगल-पाणी बघायचं असे, तुम्ही त्यांना साकोली, नवेगावबांध करत धरणावर आणायचात. ते तिथं उतरले की गाडी घेऊन केशोरीला घरी यायचात, जेवायला. आठवड्यातून तेवढे दोन तास मला बाप असे. अजून दिसतं: गाडी अंगणात उभी आहे, तुम्ही ओसरीवर भात आणि मासोळीचा रस्सा ओरपताय, आणि आई कमरेला पदर खोचून गाडी धुतेय. सीटांच्या फटीतला चिवडा वेचते, चिखलाचे मॅट झटकते, आणि नागपूरच्या कुणाच्या तरी लेकराने केलेली ओकारी फडक्याने पुसते. वास राहू नये म्हणून वरून लिंबाची फोड घासते. जिला गाडी लागते म्हणून तुम्ही कधी गाडीत बसवलं नाही, ती बाई दर रविवारी दुसऱ्यांची ओकारी काढायची, आणि तुम्ही वर आणखी रस्सा मागायचात.

"हिले गाडी लागते" हे तुम्ही गावभर करून ठेवलं होतं. मामाकडे लग्न असो की गोंदियाजवळच्या कुडव्याची मावशी आजारी असो, तुमचं उत्तर ठरलेलं. आई बैलबंडीने अर्जुनीला जायची, तिथून रेल्वेने गोंदिया. आणि मी? मी आठ वर्षांची होते. तुम्ही निघालात तेव्हा दाराची मूठ घट्ट धरून म्हटलं, बाबा, मले बी न्या ना, वापस पायी येईन. तुम्ही माझं एकेक बोट सोडवलंत. "तू बी तुह्या मायचीच पोरगी हायेस. ओकशील. मालक मले कामावरून काढून टाकंल." शेजारच्या बाया हसल्या. तुम्हीही हसलात. त्या दिवशी मी ठरवलं की स्वतःची गाडी घेईन आणि त्यात आईला बसवेन, आणि तुम्हाला कधीच नाही. ती दुसरी गोष्ट तुम्ही लवकर मरून सोपी करून टाकलीत.

गाडी घ्यायला तिशी उलटली. जुनीच घेतली, पण माझी. आई आता माझ्याकडे नागपूरला असते, आणि गेलं वर्षभर जमेल त्या रविवारी आम्ही निघतो. रामटेक, अदासा, अंभोरा, कुठेही, एका दिवसात जाऊन येऊन. प्रत्येक ठिकाणी मी पुढच्या सीटवरच्या आईचा फोटो काढते आणि भिंतीवर तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली चिकटवते. बघत बसा. एकदाही ओकली नाही, साधं मळमळलंही नाही. घाटात सामोसे खाते, बाबा!

तर गेल्या रविवारी, धरणाच्या रस्त्याला लागल्यावर, मी मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, आई, तुला गाडी कधी लागतच नव्हती. खोटं सांगून सांगून त्या माणसाने तुला घरात डांबलं. आई शेंगदाणे सोलत होती. म्हणाली, "तो कायले खोटं बोलंल? मी ओकली होती ना. गाडीतच."

मग तिने सांगितलं. लग्नाचं पहिलं वर्ष. चल, फिरून येऊ, असं म्हणून तुम्ही तिला गिऱ्हाइकांसोबत धरणावर नेलंत. ती नवी साडी नेसून गेली. तिथं तुम्ही तिच्यापुढे तांदूळ आणि दोन कोंबड्या ठेवल्यात. संध्याकाळपर्यंत चूल, मसाला, भांडी. पाणी म्हणून तिने पाहिलं ते भांडी विसळायचं. परतीच्या वाटेवर तुम्ही खुशीत होतात. दर रविवारी येत जा, लोक खूश होऊन राहिले, म्हणालात.

"मंग मीनं बोट घातलं घशात," आई म्हणाली. "पुरं खोलवर. बराबर त्या नागपूरवाल्या बाईच्या मांडीवर गेलं. मालकानं तुह्या बापाले असं झाडलं, का सांगू! त्याच्यानंतर कधी चल म्हणला नाही."

"आणि गाडी धुवायचीस ती?"

"ते घरी होतं. माह्या मर्जीनं. काऊन, धरणावर चाराचौघायची उष्टी काढत अख्खा रविवार घालवू का?"

मी गाडी बाजूला घेतली आणि पोट दुखेपर्यंत हसले. तेव्हा ऐकून ठेवा बाबा: तुमच्याच गाडीत, तुमच्या पाठीमागे बसून, तुमच्या बायकोने तुम्हाला मामा बनवलं, आणि मरेपर्यंत तुम्हाला पत्ता लागला नाही. गावभर तिचं हसं करत हिंडलात आणि हसं तुमचंच होतं.

हे लिहून थंड वाटायला हवं होतं. परतताना साकोलीच्या पुढे आई झोपली, आणि माझा राग मात्र जागाच. तिने तिचा सूड माझ्या जन्माआधीच उगवून घेतला होता. त्या एका ओकारीची धास्ती तुम्ही घेतलीत ती कायमची, आणि दाराच्या मुठीवरून बोटं सोडवली गेली ती माझी. हे आईला सांगता येणार नाही. तुमच्या फोटोपुढे हे मोठ्याने वाचेन असं ठरवलं होतं, तेही आता नको. ती आतल्याच खोलीत असते, आणि वाचत इथवर आले की हेही तिच्या कानावर जाईल: वर्षभर मी तिचं नाव पुढे करून तुमच्याशी भांडत होते. मला तुमच्या शेजारी बसायचं होतं.