ताब्यात घेणाऱ्याचं नाव

४ एप्रिल २०१६, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस! लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं शहरात आले, आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. आमच्या घरात सगळ्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. आज माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि दारावर पाटी: सत्यशीला, अभिलेख सहायक.

ट्रस्टच्या या जुन्या धर्मार्थ दवाखान्याचे पन्नास वर्षांचे केसपेपर तळघरात गठ्ठे बांधून पडलेत. त्यांची सूची करायची, पण वहीत नाही. नाव, गाव, आजार, पेशंट आला कधी, गेला कधी, प्रत्येक गोष्टीला ठरलेली खूण लावायची. मग मशीनला कळतं की 'गंगापूर' हे गाव आहे, आडनाव नाही. जगात कुठूनही शोधलं तरी नेमका कागद सापडेल. व्यवस्थापक अनंतरावांनी चहा पाजला आणि मला 'मॅडम' म्हणाले. मला हसूच आलं.

खोली शहराच्या कडेला, सातारा परिसरात, नव्या इमारतीत, तिसरा मजला. नळ नाही, टँकर एक दिवसाआड. पाण्याला ड्रम घेतला आणि गुलमंडीतून निळा पडदा.

१३ एप्रिल
रोज साठेक कागद होतात. काही ठिकाणी आजाराच्या जागी डॉक्टरांनी नुसतं 'उपाशी' लिहिलंय. त्याला कोणती खूण लावायची?

झाडलोटीला दगडाबाई आहेत. तरुणपणी इथंच आया होत्या. मी मावशी म्हणते. साऱ्या दवाखान्यात फिरतात, पण तळघराची पायरी उतरत नाहीत.

२२ एप्रिल
मे १९७३चा गठ्ठा निघाला. दुष्काळी कामावरच्या मजुरांची अकरा लेकरं, सगळ्यांना हगवण. दाखल केल्याची तारीख आहे, पुढं काहीच नाही. बरी झाली नाहीत, मेलीही नाहीत. मशीन लाल रेघ दाखवतं. 'गेल्याची तारीख' आणि 'ताब्यात घेणाऱ्याचं नाव' हे दोन रकाने भरल्याशिवाय नोंद घेतच नाही.

दहा तारखेला तपासणी आहे. अनंतराव म्हणाले, काहीही भरा आणि मोकळ्या व्हा. नंतर दुरुस्त करीन म्हणून मी आजची तारीख टाकली आणि नाव माझं. अकरा वेळा. सगळं हिरवं झालं.

२५ एप्रिल
काल रविवार. दुपारी तीनला दार वाजलं. बाहेर कोणी नव्हतं. वळून पाहिलं तर फरशीवर धुळीची पावलं, माझ्या तळहाताएवढी. आत येणारी. परत जाणारी नाहीत.
ड्रमचं झाकण खाली पडलं होतं. पाणी वीतभर उतरलेलं.

२७ एप्रिल
सुट्टी टाकली, ताप होता. पुन्हा तीनला. आता पावलं तिघांची. पडद्यामागं घटाघटा पाणी पिण्याचा आवाज. मी पडदा सरकवला नाही.

२९ एप्रिल
मावशींना सांगितलं. त्यांनी हातातला झाडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "टँकर आला नाय, म्हून डागदर-नर्स समदे पळाले. पोरं उन्हात जातील म्हून म्याच तळघरातल्या खोलीला बाहेरून कडी घातली अन् पाणी आणाया गेले. लई लांब जावं लागलं गं. आले तवा दुसरा दिस उजाडला व्हता."
ट्रस्टनं लेकरं गुपचूप पुरली. कागद तसेच बांधून ठेवले.
मी म्हटलं, माझं नाव काढून टाकते. त्यांनी माझे पाय धरले. "खोडू नको, माय. खोडलं तर कुठं जातील ती? परत त्याच खोलीत?"

२ मे
नोंद उघडली. माझ्या नावावर बोट ठेवून बसले होते. एक कळ दाबायची होती.
कुणीतरी मागून ओढणी धरली. खेचली नाही, नुसती धरली. जत्रेत लेकरू धरतं तशी.
मी नोंद बंद केली.

४ मे
आठ जण. तोंडं दिसत नाहीत, फक्त ओठ — फुटलेले. टँकरवाला ओरडला, एकट्या बाईला एवढं पाणी कशाला. काय सांगू त्याला.
मी पिते ते घशाखाली उतरत नाही. जीभ लाकडासारखी.

६ मे
दहा. दारापाशी बसलेत, मला बाहेर जाऊ देत नाहीत. मी गेले तर परत येणार नाही असं वाटतंय त्यांना. कशी समजूत घालू — त्यांना आधी एकदा कोणीतरी 'पाणी घेऊन येते' असं सांगून गेलं होतं.
अकराव्या कागदावर लिहिलंय: छबू, वय आठ महिने. तिला चालता येत नसणार. ती यायची नाही. बरं वाटलं. मग रडू आलं.

७ मे
अनंतरावांचा फोन. दगडाबाई तळघरात मेलेल्या सापडल्या. सकाळी स्वतःहून खाली उतरल्या म्हणे —
तीन वाजले.
पावलं. ही मोठ्या माणसाची, जिन्यावरून, जड. दहाही जण उठून उभे राहिले.
फटीतून लुगड्याचा काठ दिसतो. कडेवर काहीतरी आहे, मान टाकलेलं. मावशींचा आवाज, "घे गं, माय. हिला तेवढं —"
ड्रम कोरडा आहे. टँकर उद्या. मी त्यांना काय —
कडी माझ्या हाताशी आहे. आतून घातलेली. लेकरं माझ्याकडं बघतायत. मी कडी काढ