आवरलेल्या घराबद्दल

धाकटे, तुझी मुलगी पाच वर्षांची असताना एका शनिवारी आपण दोघींनी तुझं घर आवरलं होतं. खडूंचा डबा हातात धरून तू विचारलंस, "ताई, हा कुठे ठेवू?" मी म्हणाले, "माळ्यावर टाक. भिंतीवरची चित्रंही काढ. सोमवारी ताब्याच्या दाव्यासाठी न्यायालयाच्या तज्ज्ञ बाई घर बघायला येतील, टापटीप दिसली पाहिजे." मग पाय पसरून आपण चहा प्यायलो.

मी, वय अडुसष्ट, कौटुंबिक न्यायालयातली निवृत्त वकील, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला.

२. कायद्याची पुस्तकं व टेबल माझ्या ज्युनिअरला. ती एकदा म्हणाली होती, "मॅडम, अहवाल आपल्या बाजूने आहे, सगळा कशाला वाचायचा?" म्हणूनच वाचायचा, बाई. मुलाच्या ताब्याचा अहवाल बाजूने आला की आम्ही वकील त्याला तज्ज्ञांचं मत म्हणतो, विरुद्ध गेला की दोन तासांच्या भेटीवरचा अंदाज. तो दोन्ही असतो. आणि भेटीआधी अशिलाला घर आवरायला कधीही सांगू नये.

३. बहिणीच्या घटस्फोटित नवऱ्याला काही नाही. त्याने निव्वळ आळसाने सोफ्यावर बाहुल्या तशाच राहू दिल्या. अहवालात तो पसारा 'मुलीला मोकळीक' ठरला. त्याच्यावरचा राग मात्र मी सोडते. चूक त्याची नव्हती.

४. त्या अहवालाची माझ्याकडची प्रत भाचीला. पान सात: "आईच्या घरात मूल राहत असल्याच्या खुणा आढळल्या नाहीत." या ओळीने ताबा वडिलांकडे गेला. भाचीला ती ओळ पाठ आहे. "तुला मी नकोच होते ना?" असं तिने आईला माझ्यादेखत विचारलं, तेव्हा आईने माझं नाव सांगितलं नाही, आणि मीही नाही. नंतर धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, तुझं नाव कशाला घेऊ? वकिली बुडेल तुझी." बाळा, त्या खुणा मी पुसायला लावल्या. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली टापटिपीची शिस्त मला नेमकी तिथेच आठवली. तुझी आई प्रत्येक चित्र काढताना रडत होती.

५. व्यवस्थापक म्हणून ज्युनिअरने हे मृत्युपत्र भाचीसमोर मोठ्याने वाचावं. धाकटीच्या हाती वाचायला देऊ नये. ती चौथं कलम गाळेल.

आम्हा तिघांच्या सह्या एकमेकांसमोर झाल्या.
साक्षीदार: माझा जुना कारकून, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: राहतं घर
सही व तारीख: खाली, माझ्या हातची