मावशीची तीन मिनिटं

३० मार्च २०१९, शनिवार

हिरावलेल्या जमिनींच्या आठवणीचा भूमिदिन पार पडला. अध्यक्ष अबू लुत्फींनी जैतुनाचं रोप लावलं, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. खणायचे कष्ट वाचले! गेल्या वर्षीचं रोप शेळ्यांनी खाल्लं. त्याच्या आधीचंही. आता मार्च संपत आला की शेळ्या आपणहून तिथे येऊन उभ्या राहतात. आमच्या निर्वासित छावणीच्या स्मरण समितीपेक्षा तारखा त्यांच्या जास्त लक्षात असतात.

समितीचा चिटणीस म्हणून हे मला इतिवृत्तात लिहिता येत नाही. म्हणून इथे.

३ एप्रिल

बैठक. पंधरा मेचा कार्यक्रम ठरला. ४८ साली घरादारातून हाकलले गेलो, त्या दिवसाचा. आधी अबू लुत्फींचं भाषण, मग पाहुण्यांची तीन भाषणं, शाळेतल्या मुलींचा नाच, आणि शेवटी 'प्रत्यक्षदर्शीचे बोल' — तीन मिनिटं. प्रत्यक्षदर्शी म्हणजे आमची बदरिया मावशी. आमच्या दैर सुमाक गावाहून पायी निघालेल्यांपैकी आता ती एकटीच उरली आहे. तेव्हा नऊ वर्षांची होती, आता ऐंशीची.

मी म्हटलं, "यंदा दहा मिनिटं द्या तिला. तिची गोष्ट पुरी होत नाही."

"मास्तर, तीन मिनिटांत लोक रडतात की! मग आणखी काय पाहिजे?" — अबू लुत्फी.

सगळे हसले. मी इतिवृत्तात 'तीन मिनिटं' लिहिलं.

गेली चौदा वर्षं हेच चाललंय. परातीत तशीच राहिलेली कणीक, दाराला लावलेलं कुलूप, डोंगरवाटेवरचं ऊन, तहान, दुसऱ्या दिवशी दिसलेली विहीर. मावशी विहिरीपाशी पोचली की माझ्या घड्याळात तीन मिनिटं होतात. मी मागून तिची बाही ओढतो, अबू लुत्फी टाळ्या सुरू करतात. चौदा वर्षांत छावणीतला एकही माणूस त्या विहिरीच्या पुढे गेलेला नाही.

७ एप्रिल

गावच्या मृतांची यादी पुन्हा काढून बसलो. मावशीचा धाकटा भाऊ सालिम, वय सहा. 'कुठे' कोरं. 'कसा' कोरं. आजीने मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. माझी आई छावणीत जन्मली, तिला कुठून ठाऊक असणार? विहिरीच्या पुढे काय झालं ते फक्त मावशी जाणते.

संध्याकाळी तिला सरळ विचारलं. म्हणाली, "एकट्यादुकट्याला सांगायची गोष्ट नाही ती, वस्फ्या. चारचौघांत सांगेन. सगळ्यांनी थोडी थोडी नेली म्हणजे कुणा एकाला जड होणार नाही."

मग डोळे मिचकावले. "आणि बाही ओढायचं सोड आता. तीन झगे उसवलेस माझे!"

वचन दिलं. यंदा ओढणार नाही.

१७ एप्रिल

कैदी दिन. फलक गेल्या वर्षीचाच, फक्त कैद्यांच्या आकड्यावर नवा आकडा चिकटवला होता. वाऱ्याने तो उडाला आणि खालचा जुना दिसायला लागला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. कैद्यांच्या आया पहिल्या रांगेत होत्या, त्यांच्या आलं.

८ मे

रोजे सुरू आहेत, तरी बैठकीत लोकांचा घसा सुकत नाही. वर्षाला एक सेकंद या हिशेबाने भोंगा वाजवायचा. पण यंदा सत्तर सेकंद की एकाहत्तर? दीड तास वाद! शेवटी बोटांवर मोजलं. एकाहत्तर.

मावशीला सांगितलं तर म्हणते, "दर वर्षी एक सेकंद वाढवता. माझ्या गुडघ्यांना विचारलंत का कुणी? आणि काय रे, पंधरा मेला आम्ही घरीच होतो. काकड्या तोडत होतो! आम्हाला काढलं दहा जुलैला."

अबू लुत्फींच्या कानावर घातलं. म्हणाले, "मास्तर, गावागणिक तारीख पाळायची तर वर्षाचे दिवस पुरायचे नाहीत." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

१४ मे

मिरवणुकीतली परतीची किल्ली, मागे राहिलेल्या घरांची खूण, तयार झाली. थर्मोकोलची, चार मीटर लांब. शाळेमागच्या गल्लीत वळणावर अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. शेवटी करवतीने दोन तुकडे केले. घरी परतायची किल्ली छावणीच्या बाहेरसुद्धा पडेना!

१५ मे

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

अबू लुत्फी पस्तीस मिनिटं बोलले. ऊन असं की मुलींच्या ओठांना पापुद्रे आले. भोंगा वाजला. मावशी सगळे एकाहत्तर सेकंद उभी राहिली, खुर्चीला हातसुद्धा न लावता.

मग तिची पाळी. आणि आज तिने चलाखी केली! कणीक एका वाक्यात उरकली. कुलूप गाळलं. ऊन, तहान, सगळं भराभर. अडीच मिनिटांत विहिरीपाशी! ती म्हणाली, "तिथे सालिम मला म्हणाला..." आणि श्वास घ्यायला थांबली.

टीव्हीवाले वायरी गुंडाळत होते. अबू लुत्फींनी माझ्याकडे बघून मनगटावर बोट आपटलं.

मी बाही ओढली.

कुणी माझा हात धरला नव्हता. मीच ओढली. टाळ्या कडाडल्या. मावशीने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. मी भेकड माणूस आहे.

२ जून

तातडीची बैठक. पाच जून हा सदुसष्टच्या युद्धातल्या पराभवाचा दिवस, आणि ईदही बहुधा त्याच दिवशी! रडायचं की गोडधोड खायचं? चर्चेअंती पराभव एक दिवस पुढे ढकलला. ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्त मीच लिहिलं.

५ जून

ईद. मावशीने मामूलच्या, ईदच्या भरल्या बिस्किटांच्या, सारणात साखरेऐवजी मीठ घातलं. पोरं थुंकत पळाली, आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी आई का नाही आली रे?"

आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

६ जून

पराभव साजरा.

२३ जून

मावशीने आज दोनदा विचारलं, ही घरं कुणाची.

तडक अबू लुत्फींच्या घरी गेलो. म्हटलं, "दहा जुलैला आमच्या गावचा दिवस पाळणार. भाषणं नाहीत, नाच नाही, किल्ली नाही. मावशी बोलेल, हवं तितका वेळ."

"ही तारीख समितीच्या यादीत नाही, मास्तर."

"मग मीही नाही," म्हटलं. आवाज चढला होता माझा. चिटणीसपदाचा राजीनामा तिथेच लिहून दिला. चौदा वर्षांचा बोटचेपेपणा, आणि लिहायला दोन ओळी पुरल्या!

९ जुलै

छावणीतली दैर सुमाकवाल्यांची सगळी घरं फिरून आलो. पन्नासएक माणसं येतील. मावशीला सांगितलं, "उद्या चारचौघांत सांगायचं. पुरं सांगायचं. कुणी थांबवणार नाही." तिने माझा गाल थोपटला. यादी आणि पेन काढून ठेवलंय.

१० जुलै

आमच्या गच्चीवर उभं राहायला जागा नव्हती. अबू लुत्फीही आले, गुपचूप मागे बसले. मावशी बोलली. कणीक, कुलूप, ऊन, तहान. काही गाळलं नाही. विहिरीपाशी आली आणि थांबली. आम्ही वाट पाहिली. शेवटी मी विचारलं, "मग, मावशी? सालिम काय म्हणाला?"

तिने मला नीट न्याहाळलं. म्हणाली, "मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही घरी आलो."