गफ्फारला न पाठवायचं पत्र

८ जानेवारी १९६१, रात्री.
फुलसावंगीच्या शंकरपटाहून उमरखेडला परत. शर्यतीची वेळ मोजायचं घड्याळ माझ्याकडे होतं. मास्तर माणूस, म्हणून मान दिला. बैलजोडी सुटली की दाबायचं, निशाणापाशी पोचली की पुन्हा दाबायचं. दिवसभर एक चूक नाही. गफ्फारची जोडी अशी काही सुटली की मी उभा राहून ओरडायलाच लागलो, आणि दुसऱ्यांदा दाबलं ते फार उशिरा. जोडी निकालात तळाशी. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बैलच आज सुस्त होते.

९ जानेवारी.
गफ्फारच्या सायकल दुकानात मी रोज संध्याकाळी बसतो. आज त्याने मान वर केली नाही. बैलांना सुस्त म्हटलेलं लागलं असणार.
निश्चय : माफीचं पत्र लिहायचं. पाठवायचं अजिबात नाही. लिहिल्याने मन हलकं होतं म्हणतात. सुचित्रा म्हणाली, चिठ्ठी कायले, चार घरं सोडून तर राह्यते तो. बायकोला मानसशास्त्र कळत नाही.

१० जानेवारी.
'प्रिय गफ्फार' लिहून झालं. अक्षर सुरेख आलंय.

११ जानेवारी.
पहिला ड्राफ्ट पूर्ण. वाचून पाहिला तर त्यात माफी गफ्फारने माझी मागायची आहे. भाषा मात्र संयमी.

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगुळाला पहिला गफ्फार येतो, दरवर्षी. आज आला नाही. मी दाराकडे पाहत नव्हतो, तिथे खुर्ची टाकली ती फक्त उजेडासाठी. फार चुकल्यासारखं वाटलं.
रात्री एक खरं वाक्य लिहिलं : 'ओरडत होतो तो तुझ्याच जोडीसाठी, त्यात घड्याळ विसरलो.' मग खोडलं. शैलीत बसत नव्हतं.

१६ जानेवारी.
प्रेमसिंग गफ्फारची जोडी हाकतो. तो शाळेत आला होता. म्हणाला, गफ्फारभाई जोडी इकून राह्यले, बोरी अरबचं गिऱ्हाईक परवा येते. म्हनते, सुस्त बैल कायले पोसू.
जेवलो नाही. पोट बिघडलं असावं.

१७ जानेवारी.
आता पत्र नाही, तोंडीच सांगायचं. वाक्य पाठ केलं. दुकानात गेलो, तोंड उघडलं आणि म्हटलं, हवा भर. त्याने भरली.
संध्याकाळी पुन्हा गेलो. पुन्हा हवा.

१८ जानेवारी.
सकाळी गेलो, हवा. दुपारी गेलो तेव्हा गिऱ्हाईक बैलांचे दात पाहत होतं. गफ्फारने चाक दाबून पाहिलं, पंप खाली ठेवला आणि म्हणाला, नरहरभाऊ, याच्यात आता फुंकर मावत नाही. काय सांगाचं असन ते सांगून टाका.
वाट पाहत राहिला बिचारा.
मी म्हटलं, ब्रेकही पाहून दे.
त्याने पाहून दिले. उन्हं उतरताना जोडी गेली. वळणापर्यंत मी तिच्या मागोमाग गेलो, सायकल हातात धरून. ब्रेक उत्तम लागतात.