साबण प्यालेला दगड

देवळाली प्रवरा
मंगळवार, दिवेलागण

मेघा सुट्टीला येणार म्हणून काल तिचा तो ओव्हनमधला पिझ्झा भाजायचा दगड घासायला काढला. पुण्याला नोकरी लागली तेव्हा इथेच ठेवून गेली होती. सगळा काळ्या-तपकिरी डागांनी भरलेला. शेजारच्या शांताबाई म्हणाल्याच होत्या, "लई कळकटलाय, घासा की जरा!" तारेची घासणी, साबण, होता नव्हता तेवढा जोर लावला. डाग हलले नाहीत.

आणि संध्याकाळी तिचा फोन. सुट्टी मिळाली नाही. मी म्हटलं, असू दे. मग दगडाचं सांगितलं, तर केवढ्यांदा हसली!

"अगं आई, त्याला साबण लावतात का? तो पितो साबण! डाग असायचेच. आता वाळव, चार-पाच भाकरी भाज त्याच्यावर, वास ओढून घेतील. त्या टाकून दे."

डागांचं एवढं काय घेऊन बसले होते मी? तिला तर ते दिसलेसुद्धा नसते.

आज दिवसभर दगड उन्हात ठेवला. आत्ता पाच भाकरी भाजल्या. तापल्या दगडावर पाणी पडलं तर तडकेल, म्हणून भाकरीवर पाण्याचा हात फिरवायचा मोह आवरला. पहिलीला साबणाचा उग्र वास. पाचवीला अगदी थोडा.

टाकायच्याच आहेत. तरी सवयीने डब्यात रचल्या, तर झाकण लागेना. एरवी माझ्या एकटीच्या दोनच; किती दिवसांनी डबा भरला!

उद्या टाकीन.